भाषेची टॅली कोण करणार?

नाणेघाटातला सातवाहनांचा शिलालेख दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे आणि तो आज वाचता येतो. आमच्या पेठ वडगावात, बाजारपेठेतल्या एका डीटीपीच्या दुकानात १९९८ साली टाइप केलेली एका सहकारी संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेची फाइल मात्र आज वाचता येत नाही. फाइल हरवलेली नाही. संगणकात ती दिसते, तिचे नाव दिसते, तारीखही दिसते. उघडायला गेले की पडद्यावर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरे, पौंडाची चिन्हे, उलटी प्रश्नचिन्हे आणि मधूनच एखादा स्वल्पविराम. दुकानदार पूर्वी छापखान्यात खिळे जुळवायचे काम करीत. ते म्हणाले, "साहेब, फाइल जित्ती हाय. फकस्त बोलत न्हाई."

स्मरणिका म्हणजे काही मोठे साहित्य नव्हे, हे मला मान्य आहे. पण १९७२ च्या दुष्काळानंतरच्या वर्षी पाच-पंचवीस माणसांनी दहा-दहा रुपये गोळा करून संस्था कशी उभी केली, हे त्या माणसांच्याच शब्दांत त्यात होते. आता त्यांतले बहुतेक हयात नाहीत. छापील प्रती काही शेकडा निघाल्या, समारंभाला वाटल्या गेल्या आणि पुढे घराघरांतून रद्दीत गेल्या. २०२३ साली सुवर्णमहोत्सव आला तेव्हा वाळवी लागलेल्या एका प्रतीवरून जेवढे वाचता आले तेवढे पुन्हा टाइप करावे लागले.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपण सगळ्यांनी पेढे खाल्ले, मीही खाल्ले. त्यासाठी शिलालेख, ताम्रपट, गाथासप्तशती असा दोन हजार वर्षांचा पुरावा मांडावा लागला होता. मी बँकेत आयुष्य काढलेला माणूस. आरंभीची शिल्लक भरघोस दिसली की माझी नजर आपोआप चालू नोंदींकडे जाते. तिथे जे दिसते ते काळजीचे आहे. साधारण १९८८ ते २०१० या वीस-बावीस वर्षांत मराठीत जे टाइप झाले, कादंबऱ्या, दिवाळी अंक, तालुक्याची साप्ताहिके, पतसंस्थांचे अहवाल, भजनी मंडळांच्या पोथ्या, आजोबांनी हौसेने टाइप करून घेतलेल्या वंशावळी, त्याचा फार मोठा भाग अशाच मुक्या फायलींत अडकून पडला आहे.

हे कशामुळे होते, ते संगणकाचे फारसे ज्ञान नसलेल्यालाही समजण्यासारखे आहे. त्यासाठी जुना छापखाना आठवावा. कंपोझिटरच्या समोर लाकडी केस असे, तिच्यात खण असत आणि कोणत्या खणात कोणता खिळा हे त्याच्या हाताला पाठ असे. दुसऱ्या छापखान्यात गेला आणि तिथल्या केसची मांडणी वेगळी असली तर दोन दिवस त्याचा हात अडखळे. पण वाचकाला त्याचे सोयरसुतक नसे, कारण कागदावर छापले जाई ते अक्षर, खणाचा नंबर नव्हे.

संगणकात नेमके उलटे झाले. तिथे फाइलमध्ये साठतो तो खणाचा नंबर. नव्वदच्या दशकातल्या विंडोजला देवनागरी येत नव्हती. त्याच्याकडे एका फॉन्टात २५६ खण होते आणि त्यांत इंग्रजी व युरोपातली अक्षरे बसलेली होती. आपल्याकडच्या कंपन्यांनी युक्ती केली. त्यांनी खण तेच ठेवले आणि आतली इंग्रजी अक्षरे काढून तिथे मराठी अक्षरांचे तुकडे ठेवले. संगणकाला वाटे, आपण इंग्रजी लिहितो आहोत. पडद्यावर आणि कागदावर उमटे मराठी. तो फॉन्ट काढून घेतला की मुखवटा उतरतो आणि खालची इंग्रजी अक्षरे जशीच्या तशी दिसू लागतात. फाइल बिघडत नाही. तिला पुरवायची केस जागेवर नसते, एवढेच.

आणि ही केस प्रत्येकाची वेगळी. सी-डॅकची वेगळी, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीची वेगळी, आकृतीची वेगळी, उत्तरेकडून आलेल्या कृतिदेवची आणखी वेगळी. एकाने ज्या खणात 'क'चा काना ठेवला तिथे दुसऱ्याने उकार ठेवला. काना म्हणतो तेही खरेच. जागा कमी पडू नये म्हणून अनेक फॉन्टांत 'ग', 'त', 'ण' ही अक्षरे अर्धे अक्षर आणि उभी दांडी अशा दोन तुकड्यांत ठेवलेली असत. पहिली वेलांटी दिसायला अक्षराच्या आधी, म्हणून साठवायचीही आधी. रफार दिसतो नंतर, म्हणून साठवायचाही नंतर. म्हणजे त्या फाइलमध्ये मराठी भाषा नव्हतीच, मराठीचे चित्र होते.

याला इलाज तेव्हाही माहीत होता, हे आज सांगितले तर अनेकांना आश्चर्य वाटेल. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ सालीच भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाचे प्रमाण जाहीर केले होते. त्यात प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक होता. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यात देवनागरीला १२८ जागा मिळाल्या. तिथे 'क'चा क्रमांक २३२५ आणि आपल्या लाडक्या 'ळ'चा २३५५. टोकियोत असो की टोपमध्ये, कोणत्याही कंपनीच्या यंत्रावर हाच. पण विंडोजमध्ये देवनागरीची सोय आली ती २००० साली. छापखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तर त्याहून उशिरा. इनडिझाइनला भारतीय लिप्या नीट जुळवता येऊ लागल्या त्या २०१२ च्या आवृत्तीपासून. तोवर गावोगावचे डीटीपीवाले काय करणार होते? त्यांना लग्नपत्रिका उद्या हवी होती. ज्या काळात संगणकाला मराठी येत नव्हते त्या काळात या मंडळींनी आणि त्या फॉन्ट कंपन्यांनी मराठी छपाई जिवंत ठेवली, त्यांना नावे ठेवण्यात मला रस नाही. आजही अनेक दुकानांत जुन्याच फॉन्टवर काम चालते, कारण हाताला तो कळफलक बसला आहे आणि दिवसाला जेवढी पाने पडतात त्यावर घर चालते.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. माझ्या एका जुन्या कादंबरीची नवी आवृत्ती काढायचे ठरले. प्रकाशकाकडे सीडी होती. ती सुदैवाने चालली आणि आत तोच टोप्यांचा बाजार निघाला. मग कोणीतरी रूपांतर करणारे सॉफ्टवेअर लावले आणि मला ३०० पाने पाठवून दिली. पहिल्याच पानावर 'सर्व'चे 'सवर्' झालेले. 'कार्यकर्ता' हा तर 'कायर्कतार्' होऊन बसला होता. हे निदान डोळ्यांना खुपते. जे खुपत नाही ते जास्त घातक. कादंबरीत एका लग्नाच्या पंगतीचे वर्णन आहे. तिथे मी 'आचाऱ्यांना' लिहिले होते, त्याचे 'आचार्यांना' झाले आणि कढईपुढे घामाघूम होऊन जिलब्या तळणारे सगळे लोक एका क्षणात विद्वान झाले. 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, तेव्हा सह्याद्री एकदम समुद्राला मिळतो. हा 'ऱ्य' मराठीचा आहे, हिंदीला त्याची गरज पडत नाही, त्यामुळे हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेले रूपांतर त्याच्याकडे लक्ष देत नाही. महिनाभर बसून मी ती पाने दुरुस्त केली. माझ्याजवळ वेळ होता आणि मूळ मजकूर माझा होता. दिवंगत लेखकांचे कोण करणार?

आता मुद्द्यावर येतो. फाइल न उघडण्याचे कारण तांत्रिक आहे, हे अर्धे खरे आहे. यंत्रे बदलतात, सॉफ्टवेअर मरते, हे बँकेनेही पाहिले. मी लागलो तेव्हा चामडी बांधणीची लेजरे होती. पुढे लेजर पोस्टिंग मशीन आली, मग शाखेचे पूर्ण संगणकीकरण आणि मग कोअर बँकिंग. एवढ्या स्थलांतरांत ग्राहकांचे पैसे कुठे गेले का? नाही गेले. का नाही गेले ते मी सांगू शकतो, कारण त्या रात्री मी जागलो आहे. जुनी आणि नवी पद्धत काही दिवस शेजारी शेजारी चालवायची. प्रत्येक खात्याची छापील यादी काढायची, लाल शाईने टिक करायची. दहा पैशांचा फरक आला तरी रात्री दोनपर्यंत कोणी घरी जायचे नाही. सकाळी शटर उघडल्यावर खातेदार पासबुक घेऊन समोर उभा राहणार, हे सगळ्यांना ठाऊक होते.

तरी एक गंमत सांगतो. रक्कम टॅली होत असे, नावे कोणी टॅली केली नाहीत. इंग्रजीत, ठरावीक अक्षरांत नाव बसवायचे म्हणून कोणाचे वडील गेले, कोणाचे आडनाव अर्धे राहिले. त्याचा हिशेब वीस वर्षांनी द्यावा लागला. २०१९ साली पीएम-किसानचे हप्ते सुरू झाले तेव्हा आधारवरचे नाव, बँकेतले नाव आणि सातबाऱ्यावरचे नाव जुळत नाही म्हणून शेतकरी हेलपाटे घालू लागले.

सातबाऱ्याचेही तेच. संगणकावर चढवलेल्या सातबाऱ्यांत चुका निघाल्या, तेव्हा २०१७ साली गावोगाव चावडीवाचन झाले. तलाठ्याने मोठ्याने वाचायचे, गावाने ऐकायचे, ज्याला चूक वाटेल त्याने हरकत घ्यायची. संगणकाच्या युगातला हा उपाय शिवकाळात शोभेल असा, पण रामबाण. जमिनीचा प्रश्न होता, माणसे उन्हात येऊन बसली.

आणि २०२३ ची गोष्ट तर ताजी आहे. मराठा आरक्षणाचे आंदोलन पेटले, सप्टेंबरमध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधायचे काम सुरू झाले. तहसील कचेऱ्यांतली, शाळांची, जन्ममृत्यूची जुनी दप्तरे बाहेर आली. ती होती मोडीत. एकेकाळी कुलकर्ण्यापासून सावकारापर्यंत सगळ्यांना येणारी लिपी, आणि आता जिल्ह्यात ती वाचणारा माणूस शोधत फिरायची पाळी. मोडीचे कागद म्हणजे आपल्या न उघडणाऱ्या फायलींचा पहिला संच. पुण्याच्या पेशवे दप्तरात, कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात ते रुमालांत बांधलेले पडून आहेत. गोविंद सखाराम सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तराचे ४५ खंड काढले, तो त्या साठ्यातला एक घास होता. वर्षानुवर्षे मोडीचे वर्ग चालवणाऱ्यांकडे कोणी फिरकत नव्हते. दाखल्याचा प्रश्न आला आणि मोडी वाचणाऱ्याला अचानक गाडी पाठवून बोलावणे सुरू झाले.

म्हणजे जिथे पैसा आहे, जमीन आहे, दाखला आहे तिथे फाइल उघडते. न उघडून सांगते कुणाला! जिथे नुसता मजकूर आहे तिथे ती बंद राहते, कारण सकाळी शटरपाशी पासबुक घेऊन उभा राहणारा कोणी नसतो.

आमच्या परिसरातलेच आणखी एक उदाहरण. वडगावाजवळ वारणानगर आहे. तात्यासाहेब कोऱ्यांनी उभा केलेला तिथला सहकार सगळ्यांना माहीत आहे. १९९८ साली तिथे 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावे संगणकांनी जोडली गेली. देशभरातून पाहुणे बघायला येत. उसाचे वजन, बिल, खताची उचल ही माहिती गावातच मिळावी आणि त्याबरोबर शेती, आरोग्य, शिक्षण यांची माहिती गावकऱ्यांना त्यांच्या भाषेत मिळावी, असा दुहेरी हेतू होता. प्रत्यक्षात केंद्रे चालली ती मुख्यतः उसाच्या व्यवहारासाठी. पुढे संगणक जुने झाले आणि २००७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरमधल्या संशोधकांनी काही गावांत संगणकाऐवजी मोबाइलवरच्या एसएमएसने तेच काम करून दाखवले. उसाचे वजन एका यंत्रावरून दुसऱ्यावर अलगद गेले. शेतकऱ्याच्या भाषेतल्या माहितीला तसा वाली नव्हता.

हे आपल्याच नशिबी आले असे समजू नये. इंग्लंडच्या विल्यम राजाने १०८६ साली करवून घेतलेली राज्याची मोजणी, डूम्सडे बुक, आजही वाचता येते. तिला ९०० वर्षे झाली म्हणून बीबीसीने १९८६ साली नवी डूम्सडे केली, शाळकरी मुलांपासून लाखो लोकांकडून माहिती जमवून लेझर तबकड्यांवर घातली. पंधरा वर्षांत ती वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली आणि २००२ मध्ये विद्यापीठांच्या संशोधकांना खटपट करून ती सोडवावी लागली. इंटरनेटच्या जनकांपैकी एक असलेले व्हिन्ट सर्फ यांनी २०१५ साली इशारा दिला की आपण एका अंधारयुगाकडे चाललो आहोत, आणि जे फोटो खरोखर प्रिय आहेत ते कागदावर छापून ठेवा. इंटरनेटच्या जनकाने कागदाची शिफारस करावी, यावरून काय ते समजा.

उलट बाजूही आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाने संकेतस्थळावर ठेवली आहे, त्यात हवा तो शब्द शोधता येतो. मराठी विश्वकोश युनिकोडमध्ये आला आणि आठवीतले पोर फोनवर त्यातली नोंद वाचते. मोडीलासुद्धा २०१४ साली युनिकोडमध्ये स्वतःचे क्रमांक मिळाले. १८५७ चा कोश शोधता येतो आणि १९९९ ची कादंबरी येत नाही, याचा अर्थ वय हा अडथळा नाही. कोणीतरी बसून काम केले की नाही, एवढाच फरक.

तेव्हा घरच्या घरी काय करता येईल, ते थोडक्यात सांगतो. रविवारची दुपार त्याला पुरे.

फाइल उघडून विचित्र अक्षरे दिसली तर आधी सुटकेचा निःश्वास टाका, कारण मजकूर शाबूत आहे. मात्र काही दुरुस्त करायला जाऊ नका आणि 'सेव्ह' तर मुळीच करू नका. प्रथम फाइलची प्रत करा, मूळ फाइल बाजूला ठेवा आणि जे काय प्रयोग करायचे ते प्रतीवर. वर्डमध्ये त्या मजकुरावर टिचकी मारली की वर फॉन्टच्या चौकटीत नाव दिसते, तो फॉन्ट तुमच्या संगणकात नसला तरी नाव दिसते. ते नाव कागदावर लिहून घ्या. तीच कुलपाची किल्ली. त्या नावाच्या फॉन्टचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने सी-डॅकपासून हौशी अभ्यासकांपर्यंत अनेकांनी केली आहेत, पुष्कळशी फुकट आहेत, आणि फॉन्ट कंपन्यांच्या नव्या आवृत्त्यांतही ही सोय असते. चुकीचे नाव निवडले तर एका कचऱ्याचा दुसरा कचरा होईल, म्हणून नाव महत्त्वाचे.

फाइल मुळातच उघडत नसेल तर नावाचे शेपूट पाहा, म्हणजे टिंबानंतरची तीन-चार अक्षरे. ती कोणत्या सॉफ्टवेअरची ते त्यावरून कळते. शेपूट बदलून फाइल उघडेल असा एक समज आहे. पाटी बदलून दुकानातला माल बदलत नाही. १९९५ सालच्या आणि त्याआधीच्या वर्डच्या फायली नवे वर्ड सुरक्षेच्या नावाखाली अडवते, त्या फुकट मिळणाऱ्या लिब्रेऑफिसमध्ये बहुधा उघडतात. पेजमेकरची गोष्ट अवघड. डीटीपीचा हा राजा १९८५ साली जन्मला, त्याची सातवी आणि अखेरची मोठी आवृत्ती २००१ ची. त्याच्या फायली इनडिझाइन २०१२ च्या आवृत्तीपर्यंत उघडत असे, नंतरच्या आवृत्त्यांनी ते दार लावून घेतले. लिब्रेऑफिस काही पेजमेकर फायली उघडते, करून पाहावे. नाहीतर ज्या दुकानात जुना संगणक अजून चालतो तिथे जावे. आणि लवकर जावे. कारण अनेक मराठी सॉफ्टवेअरना प्रिंटरच्या जागी लावायचे एक ठोकळ्यासारखे कुलूप असे, ते लावायची जागाच नव्या संगणकांना नाही.

फ्लॉपी असेल तर यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह अजून विकत मिळतो. सोनी कंपनीने २०११ मध्ये फ्लॉपी विकणे थांबवले, म्हणजे तुमची फ्लॉपी त्याहून जुनी धरून चला. घरी लिहिलेल्या सीडीवरचा रंगाचा थर वर्षागणिक विटतो. पीडीएफ सापडली तर ती दिसायला सुरेख दिसेल, कारण फॉन्ट तिच्या पोटातच असतो. पण त्यातला मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की पुन्हा टोप्या. सगळेच उपाय थकले आणि छापील प्रत हाताशी असली तर ती स्कॅन करून अक्षरओळख करणाऱ्या सॉफ्टवेअरला द्यावी. आता ते मराठी छापील मजकूर बऱ्यापैकी वाचते.

हे झाले घरापुरते. पण घरोघरच्या रविवार दुपारींवर भाषेचा कारभार सोपवता येणार नाही. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाला पुस्तकाच्या प्रती राष्ट्रीय ग्रंथालयात पाठवाव्या लागतात, पण तो कायदा छापील प्रतीबद्दल बोलतो. केंद्र सरकारने २००९ साली सरकारी कामासाठी युनिकोड हे प्रमाण ठरवले, ते चांगलेच झाले. मात्र सरकारी पैशाने छापल्या जाणाऱ्या पुस्तकाची युनिकोड फाइल जमा केल्याशिवाय अनुदानाचा शेवटचा हप्ता देऊ नये, एवढी साधी अट घालायला काय हरकत आहे? बँकेत कर्जाचा शेवटचा हप्ता कागद पूर्ण झाल्याशिवाय सुटत नाही. लेखकांनीही करारात एक ओळ मागून घ्यावी की छपाई झाल्यावर मजकुराची युनिकोड प्रत लेखकाला मिळेल. फॉन्ट कंपन्यांनी आपल्या जुन्या, आता विकल्या न जाणाऱ्या फॉन्टांच्या खणांचे तक्ते जाहीर करावेत. त्यात आता धंद्याचे गुपित राहिलेले नाही.

आणि ग्रंथालये. महाराष्ट्रात सरकारमान्य सार्वजनिक ग्रंथालये बारा हजारांच्या आसपास आहेत. आमच्याकडचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचे. तालुक्याच्या ग्रंथालयाने तालुक्यातल्या दोन-चार डीटीपीवाल्यांकडच्या जुन्या हार्डडिस्क मागून घेतल्या आणि आधी नुसत्या प्रती करून ठेवल्या, तरी खूप झाले. रूपांतर मागाहून करता येईल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये महापुराचे पाणी कोल्हापूर-सांगलीकडच्या दुकानांत शिरले, तेव्हा लोकांनी आधी माणसे बाहेर काढली, मग जनावरे, मग धान्य. टेबलाखालच्या संगणकाकडे बघायला कोणाला सवड होती?

रूपांतर केल्यावर तपासणी मात्र चुकवू नये. बँकेत आम्ही 'कॉलिंग' करीत असू. एकाने व्हाउचरवरून मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने लेजरावर बोट ठेवून बघायचे. इथेही तसेच दोघांनी बसावे. जुनी छापील प्रत एकाच्या हातात, पडदा दुसऱ्यासमोर. रफार आला की थांबायचे, 'ऱ्य' आला की थांबायचे, 'श्र' आणि 'त्र' नीट पाहायचे. रोज दोन तास बसले तर २०० पानांचे पुस्तक दहा-बारा दिवसांत होते. पडद्यासमोर नातवाला बसवावे, वाचायला आजीने घ्यावे. डोळे त्याचे चांगले आणि मराठी तिची.